डबल बेल : आठवी ‘ब’मधल्या एका टोपणनावाचं प्रकरण

मी मध्य मुंबईतल्या एका अनुदानित मराठी शाळेत मराठी आणि इतिहास शिकवते. हे प्रकरण माझ्याच वर्गातलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत आणि मुलांची नावं मुद्दाम घातलेली नाहीत. ज्याला त्रास झाला त्याला मी इथे नुसतं ‘मुलगा’ म्हणणार आहे. त्याला वर्गाने एक नाव दिलं होतं, ते पुढे येईलच, पण त्या नावाने त्याचा उल्लेख करायचा नाही एवढं मी ठरवलं आहे.

मुलगा जूनमध्ये आमच्याकडे आला. सातवीपर्यंत सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकला होता. वडिलांना इथे रात्रपाळीच्या वॉचमनचं काम मिळालं आणि घर काकांच्या बीडीडी चाळीतल्या खोलीत आलं. खोली 160 चौरस फुटांची आणि माणसं सात. मुलगा उंचीने लहान, अक्षर सुरेख, गणितात बरा. गणित आणि विज्ञान मात्र आमच्याकडे सेमी-इंग्रजीत, त्यामुळे पहिले दोन महिने तो त्या तासांना चाचपडत होता. वर्गात 48 मुलं. त्यातली बरीचशी बालवाडीपासून एकत्र, म्हणजे गट आधीच ठरलेले, बाक ठरलेले, डब्याची टोळकी ठरलेली.

पहिल्या आठवड्यात नव्या मुलांची ओळख करून घ्यायची म्हणून मी विचारलं, मुंबईत कसा आलास? तो उभा राहिला आणि मोठ्या, मोकळ्या आवाजात म्हणाला, “दहिवडीवरनं यष्टीनं आलूय, बाई.”

वर्ग हसला. मी म्हटलं, “एसटी म्हणायचं, बाळा.” तो बसला, आम्ही धडा उघडला. माझ्या आठवणीत हा प्रसंग एवढाच होता. तो एवढाच नव्हता हे मला ऑक्टोबरमध्ये कळलं.

ठोके

जुलैत वर्गात एक आवाज सुरू झाला. कंपासपेटीच्या झाकणावर कर्कटकाचे दोन ठोके. टिंग टिंग. मी फळ्याकडे वळले की मागून कुठून तरी यायचा. सगळ्याच वर्गांत असले आवाज असतात. कधी बाक वाजवतात, कधी पेनाची टोपणं, कधी कोणी मांजर होतं. मी दोनदा ओरडले, एकदा सगळ्या वर्गाला पाच मिनिटं उभं केलं, एकदा तीन कंपासपेट्या जप्त केल्या. ज्यांच्या जप्त केल्या त्यातली एक त्या मुलाचीच होती, हे आज लिहितानाही लाज वाटते.

एसटीने किंवा बेस्टने प्रवास केलेल्या कुणालाही हे दोन ठोके कळायला हवेत. कंडक्टरने दोरी एकदा ओढली की गाडी थांबते, दोनदा ओढली की सुटते. मुलगा वर्गात शिरला की डबल बेल. उत्तर द्यायला उभा राहिला की डबल बेल. जिन्यात तो पुढे असला की मागून “पुढं चला, पुढं चला, आत जागा आहे.” त्याचं नाव आता ‘यष्टी’ होतं. ‘यष्टी आली’, ‘यष्टी फेल झाली’, ‘यष्टी आज बंद’. हे सगळं माझ्या कानावरून गेलं, पण त्याची जोडणी माझ्या डोक्यात झाली नाही. कारण प्रत्येक तुकडा सुटासुटा घेतला तर निरुपद्रवीच होता.

इथेच आपली भाषाही थोडी अडचण करते. इंग्रजीत ज्याला बुलिंग म्हणतात त्याला मराठीत नेमका शब्द नाही. चिडवणं म्हटलं तर ते हलकं होतं, छळ म्हटलं तर पालक थेट पोलीस चौकीचं नाव काढतात, आणि रॅगिंग म्हणजे कॉलेजातलं. शिक्षकखोलीत आम्ही ‘मस्करी’ म्हणतो आणि चहा पितो. मुलांचा शब्द ‘खेचणं’. “आम्ही फक्त खेचत होतो बाई.” या विषयावर ज्यांनी सुरुवातीचं मोठं काम केलं त्या डॅन ओल्वेउस यांनी तीन खुणा सांगितल्या : दुखवण्याचा हेतू, पुन्हा पुन्हा होणं आणि दोघांच्या ताकदीतला फरक. नॉर्वेत 1982 च्या अखेरीस तीन मुलांनी आत्महत्या केल्यावर 1983 मध्ये तिथल्या सरकारने देशभर मोहीम घेतली, ती त्यांच्या अभ्यासाच्या आधारावर. तिसरी खूण मला सगळ्यात उपयोगी वाटते. एकाने दुसऱ्याला ‘जाड्या’ म्हटलं, दुसऱ्याने ‘काड्या’ म्हटलं, तर ती चिडवाचिडवी. 47 जणांकडे एकच आवाज आहे आणि एकाकडे उलट टाकायला शब्दच नाही, तर तिथे मस्करी हा शब्द वापरायचा हक्क आपल्याला राहत नाही. ताकद म्हणजे दंड नव्हे. इथे ताकद होती ती बालवाडीपासूनची ओळख आणि ‘शुद्ध’ बोलणं.

मुलामध्ये काय बदललं, ते आता नोंदवही उलटी चाळताना स्वच्छ दिसतं. हजेरीला जूनमध्ये तो “हजर बाई” म्हणायचा, जुलैच्या शेवटी नुसता हात वर करू लागला. मी त्याला एकदा “तोंड नाही का?” असंही विचारलं. गैरहजेरी जूनमध्ये एक दिवस, जुलैत चार, ऑगस्टमध्ये सात. त्यातल्या बहुतेक गुरुवारी. गुरुवारी आमचा खेळाचा तास, मैदानावर शिक्षक एक आणि तुकड्या दोन. शाळेत तो परिपाठ संपता संपता पोचायचा, म्हणजे रांगेत उभं राहावं लागू नये. डबा वर्गात न खाता दुसऱ्या मजल्यावरच्या पाण्याच्या टाकीपाशी खायचा. हे शेवटचं मला ठाऊक नव्हतं. आमच्या शिपाई मावशींना ठाऊक होतं. पुढे मी विचारलं तेव्हा त्या सहज म्हणाल्या, “अहो बाई, त्या पोराला सगळी बशीची घंटी वाजवतात की. तुम्हाला नाही म्हाईत?” जिने, मुताऱ्या, टाकी, गेट : जिथे शिक्षक नसतात तिथे मावशी आणि मामा असतात. त्यांना आम्ही कधी बैठकीला बोलावत नाही.

सदतीस तिकिटं

गणपतीच्या सुट्टीनंतर मुलाची आई शाळेत आली. हातात बिस्किटाचा रिकामा डबा. तिने तो माझ्या टेबलावर उपडा केला. आलेखवहीचे फाडलेले, एकसारखे चौकोनी कागद. मोजले तर 37.

“ह्या कसल्या चिठ्ठ्या हायती बाई? त्याच्या दप्तरात रोज घावतात. मला वाटलं शाळंचं काय तरी असंल, म्हनून ठिवल्या. इचारलं तर बोलत न्हाय. निस्तं पोटात दुखतंय म्हनतो. गावाला सोड म्हनतो.”

प्रत्येक कागदावर एकच मजकूर, चार-पाच वेगवेगळ्या अक्षरांत : ‘मुंबई ते दहिवडी. 1 हाफ. फक्त जाण्यासाठी.’

एसटीत बारा वर्षांपुढे हाफ तिकीट मिळत नाही, आणि मुलगा तेरा वर्षांचा. ‘हाफ’ त्याच्या उंचीवर होतं. पण मी अडकले ते ‘फक्त जाण्यासाठी’ या दोन शब्दांवर. ज्या मुलांचे निबंध मी ‘भाषा सपक’ असा शेरा मारून परत करते, त्यांच्यातल्याच कोणीतरी दोन शब्दांत एवढं बसवलं होतं.

त्याच आठवड्यात समजलं की वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक ऑडिओही फिरते आहे. माझ्याच तासाला तो प्रकट वाचन करत असताना कोणीतरी दप्तरात लपवलेल्या फोनवर त्याचा आवाज टिपला होता आणि मध्ये मध्ये घंटी जोडली होती. म्हणजे त्याची शाळा सुटली तरी सुटत नव्हती. खोलीत सात माणसं, त्यात चुलतभाऊही आमच्याच शाळेत नववीत. त्याच्या फोनवरही ती पोचली होती.

मी केलेल्या चुका

प्रकरण अभ्यासात हा भाग लोक दोन ओळींत उरकतात. मला वाटतं शिकण्यासारखं बरंचसं इथेच आहे.

पहिल्या दिवशी मी विचारलं, “सुरुवात कोणी केली?” सगळ्यांनी एका मुलाकडे पाहिलं. आमच्या कबड्डी संघाचा कप्तान, दिसायला उमदा, शिक्षकांचा लाडका. मी त्याला आणि मुलाला शिक्षकखोलीत बोलावलं, दोघांना समोरासमोर उभं केलं, “झालं गेलं विसरा, हात मिळवा, आजपासून मित्र” असं म्हणून हात मिळवायला लावले. कप्तानाने हसून हात पुढे केला. मुलाने खाली बघून दिला. चार शिक्षकांनी “शाब्बास” म्हटलं.

भांडण झालेल्या दोघांत समेट होतो. इथे भांडण नव्हतंच. मुलाने कुणाचं काय केलं होतं, की त्याने अर्धा हात पुढे करावा? मी त्याला त्याच्या त्रासातला अर्धा वाटेकरी करून टाकलं, आणि तेही सगळ्यांसमोर. दोन दिवस शांतता. तिसऱ्या दिवसापासून घंटी परत, पण आता आवाजाशिवाय. मुलं त्याच्याकडे बघून दोनदा डोळे मिचकवायची. यावर मी काय जप्त करणार?

दुसरी चूक म्हणजे मी त्याला पहिल्या बाकावर आणलं. संरक्षण म्हणून. परिणाम असा की 40 मुलं त्याच्या पाठीमागे आणि त्याला कोण काय करतंय ते दिसेना. जागा बदलायची तर त्रास देणाऱ्याची बदलावी, हे बसस्टॉपवरच्या माणसालाही सुचलं असतं.

तिसरी : “तू लक्षच देऊ नकोस, आपोआप थांबतील.” हा सल्ला मी, त्याच्या काकांनी आणि पीटीच्या सरांनी, तिघांनी स्वतंत्रपणे दिला. तो जुलैपासून तेच तर करत होता. हात वर करून हजेरी देणं, टाकीपाशी डबा खाणं, गुरुवारी घरी राहणं हे सगळं ‘लक्ष न देणं’च होतं.

चौथी चूक मुख्याध्यापिकांची, पण त्यात मी सामील होते. त्यांनी परिपाठात पंधरा मिनिटं ‘एकमेकांशी प्रेमाने वागा’ यावर भाषण केलं. नाव घेतलं नाही, पण सगळ्या शाळेच्या माना एका दिशेला वळल्या. मग कप्तानाच्या पालकांना बोलावून “दाखला हातात देऊ” अशी ताकीद दिली. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 16 प्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही, म्हणजे ही धमकी पोकळ होती, आणि वडील जर कायदा वाचलेले असते तर तिथेच आमची शोभा झाली असती. त्यांनी कायदा वाचला नव्हता. त्यांनी घरी नेऊन पोराला पट्ट्याने मारलं. दुसऱ्या दिवशी कप्तान लंगडत आला आणि वर्गात तो हीरो झाला. मुलगा चहाडखोर ठरला.

नकाशा

आमच्याकडे समुपदेशक आठवड्यातून दोन दिवस येतात. (शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये सांगितलं आहे. आमच्या पटावर हजाराच्या वर मुलं आहेत आणि दोन दिवस मिळतात तेच नशीब.) त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एक कोरा कागद पुढे केला. “वर्ग काढा. बाक काढा. आता मला सांगा, घंटी वाजली की कोण वाजवतं, कोण हसतं, कोण मान खाली घालतं, कोण वैतागतं?”

मी पेन घेतलं आणि माझ्या लक्षात आलं की मला उत्तर येत नाही. तीन महिने मी वाजवणाऱ्याला शोधत होते. ऐकणाऱ्यांकडे पाहिलंच नव्हतं.

फिनलंडच्या मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी 1996 मध्ये अशा प्रसंगातल्या भूमिका मांडल्या : मुख्य त्रास देणारा, त्याचे मदतनीस, हसून चेव आणणारे, बाजूला राहणारे, त्रास सोसणाऱ्याची बाजू घेणारे. आपल्याला दोनच माणसं दिसतात, कारण आपली चौकशी फौजदार पद्धतीची असते : आरोपी आणि फिर्यादी. पण टिंग टिंगला हशा मिळाला नाही तर ती नुसती कंपासपेटी आहे. कॅनडात शाळेच्या मैदानांवर कॅमेरे आणि माइक लावून केलेल्या एका अभ्यासात, 2001 साली तो प्रसिद्ध झाला, असं दिसलं की दहापैकी जवळपास नऊ प्रसंगांत दुसरी मुलं हजर होती, पाचातल्या एका प्रसंगातही कोणी मध्ये पडलं नाही, पण जेव्हा पडलं तेव्हा अर्ध्याहून जास्त वेळा त्रास दहा सेकंदांत थांबला. दहा सेकंद. मी तीन महिने घालवले होते.

समुपदेशकांनी सुचवलेली पद्धत स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ अनातोल पिकास यांच्या कामावर आधारलेली होती. मुलांना गटाने बोलवायचं नाही, एकेकटं बोलवायचं, सलग, म्हणजे मधल्या सुट्टीत संगनमत होणार नाही. “तू काय केलंस?” विचारायचं नाही. म्हणायचं, “मला त्याची काळजी वाटते. तुला त्याच्याबद्दल काय दिसतं?” आणि शेवटी, “तुला यात काय करता येईल?” उपदेश नाही, माफीनामा नाही, सही नाही. मला हे फार मवाळ वाटलं. मी तसं बोललेही. त्या म्हणाल्या, “कडक करून बघितलंत ना?”

आम्ही अकरा मुलांशी बोललो, प्रत्येकाशी सात-आठ मिनिटं. पहिली मॉनिटर मुलगी. ती म्हणाली तिला घंटी आवडत नाही, पण ती हसते, कारण न हसणाऱ्याकडे मग सगळे बघतात. दुसरा, चौथ्या बाकावरचा, घंटीचा मुख्य वाजवणारा. कप्तान तर स्वतः कधी वाजवतच नव्हता, तो फक्त मान हलवायचा. चौथ्या बाकावरच्याने सांगितलं की सहावीत त्याला स्वतःला ‘बबल्या’ म्हणून वर्षभर पिडलं होतं, आणि यष्टी आल्यापासून ते बंद झालं. “म्हणजे तो आला ते बरंच झालं ना बाई माझ्यासाठी.” हे त्याने कुठलाही कडवटपणा न ठेवता, हिशोब सांगावा तसं सांगितलं.

पाचवा मुलगा शांत, मागच्या बाकावरचा. तो खूप वेळ बोलेना. मग म्हणाला, “बाई, रागावणार नाही ना? तुम्ही पण हसला होतात. पहिल्या दिवशी. तुम्ही हसलात म्हणून आम्ही जास्त हसलो.”

मला हसल्याचं आठवत नव्हतं. अजूनही आठवत नाही. पण अकरापैकी चौघांनी न विचारता तेच सांगितलं, तेव्हा माझ्या आठवणीला काही किंमत उरली नाही.

कप्तान शेवटून दुसरा. “मजा यायची बाई, सगळे हसायचे,” एवढंच तो आधी म्हणाला. हे मला प्रामाणिक वाटलं. लोक अशा मुलाच्या आत काहीतरी मोठी जखम शोधतात. कधी असते, कधी नुसती मजाच असते. निघताना दारात थांबून मात्र तो म्हणाला, “माझी आजीपण यष्टीच म्हणते.” आजी-आजोबा साताऱ्याकडचे, आजोबा गिरणीत होते, 1982 च्या संपात घरी बसलेले. “वर्गात कळलं असतं तर मला म्हणाले असते.” हे कारण होतं की दारात सुचलेली सारवासारव, ते मी ठरवलेलं नाही. या भागात अर्ध्या घरांतून असंच बोलतात, एवढं मात्र खरं. घाटावरचे आणि कोकणातले इथे गिरणीसाठी आले आणि त्यांच्याच नातवंडांना आता ‘घाटी’ ही शिवी वाटते.

ष्टुना ष्टुः

मुलाला मी विचारलं, मी वर्गात माझी चूक कबूल करू का? तो बराच वेळ नखं कुरतडत होता. मग अट घातली : “माझं नाव घेऊ नका. आणि बोलताना माझ्याकडं बघू नका.” मी दोन्ही पाळलं, खिडकीकडे बघून बोलले. म्हटलं, “जूनमध्ये मी एका शब्दाला हसले. मराठीच्या बाईने हसायला नको होतं, कारण तो शब्द बरोबर होता.”

मग फळ्यावर तो शब्द लिहिला आणि व्याकरण शिकवलं. आपण ‘एक’ला बोलताना ‘येक’ म्हणतो तसा ‘एस’चा ‘येस’, ‘यस’ होतो. पुढे ‘ट’ आला की आधीच्या ‘स’ची जीभ ‘ट’च्या जागी जाते आणि ‘ष’ होतो. हे कुणा अडाण्याने केलेलं नाही, पाणिनीने अष्टाध्यायीत याचं सूत्र दिलेलं आहे : ष्टुना ष्टुः. दहिवडीच्या स्टँडवरची म्हातारी माणसं दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीच्या नियमाने इंग्रजी अक्षरांना मराठी करतात, आणि आपण त्यांना हसतो. ‘शुद्ध’ आणि ‘अशुद्ध’ हे शब्द मी त्या दिवसापासून सोडले, ‘प्रमाण’ आणि ‘बोली’ म्हणते. परीक्षेत प्रमाण लिहायचं, का ते सांगायचं, पण तोंडातला शब्द कुणाचा काढून घ्यायचा नाही.

गृहपाठ दिला : घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाचा एक शब्द आणा. दुसऱ्या दिवशी फळा भरला. मालवणी, आगरी, वऱ्हाडी, एका मुलीने तर तिच्या आजीचा कानडी मिसळलेला सोलापुरी शब्द आणला. कप्तानाने काही आणलं नाही. “आमच्याकडे सगळे नीटच बोलतात,” म्हणाला. मी काही बोलले नाही.

याने त्रास थांबला असं मी म्हणणार नाही. वर्ग दोन दिवस खूश होता, बस. थांबवलं ते छोट्या, कंटाळवाण्या गोष्टींनी. मॉनिटर मुलगी हसायची बंद झाली आणि एकदा, एकदाच, मागे वळून “बोअर झालंय रे आता” म्हणाली. ‘वाईट आहे’ म्हणाली असती तर तिची टर उडाली असती. ‘बोअर’वर कोणाला काही सुचलं नाही. शांत मुलाने डबा खायला टाकीपाशी जायला सुरुवात केली, काही न बोलता. नंतर दोघे मिळून वर्गात आले. चौथ्या बाकावरच्याला मी फळ्यावरच्या तारखेचं आणि सुविचाराचं काम दिलं, त्याला लोकांच्या नजरेची भूक होती, ती दुसरीकडून भागली. खेळाच्या तासाला आणखी एक शिक्षक नेमले. मावशींना सांगितलं, जिन्यात काही दिसलं तर त्याच दिवशी मला सांगा. मी रोजची एक ओळ तारखेसह लिहू लागले : काय, कुठे, कोण हजर. तिकिटं पाकिटात घालून कपाटात ठेवली.

ऑडिओचं प्रकरण वेगळं हाताळलं. ग्रुपच्या ॲडमिनच्या पालकांना बोलावून मुलांकरवी ती पुसायला लावली, पण त्याआधी फाइलची एक प्रत आणि स्क्रीनशॉट मुलाच्या आईच्या संमतीने ठेवले. आधी पुसून मग पुरावा शोधत बसलेल्या शाळा मी पाहिल्या आहेत. पुन्हा फिरली तर सायबर तक्रारीचा 1930 हा क्रमांक आहे, हे पालकांना सांगितलं. घरच्यांना मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा 1098 आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 लिहून दिला. मुलाच्या बोलण्यात जीव नकोसा झाल्याचं काही येतंय का, हे समुपदेशकांनी त्याला थेट शब्दांत विचारलं. तसं नव्हतं. विचारल्याने मुलाच्या डोक्यात ते शिरतं ही समजूत खोटी आहे, पण शिक्षकांत ती अजून घट्ट आहे.

कप्तानाच्या वडिलांनाही आम्ही पुन्हा बोलावलं, या वेळी पट्ट्याबद्दल. ते चिडले. “तुम्हीच दाखल्याची धमकी दिलीत.” बरोबर होतं. मुख्याध्यापिकांनी ते शब्द मागे घेतले. ती बैठक कुणालाच गोड वाटली नाही.

डिसेंबरात स्नेहसंमेलनाच्या तालमीत पडद्यामागून पुन्हा एकदा डबल बेल आली. मुलगा स्टेजवर होता, दोन ओळी विसरला, मग पुढे बोलला. कोण होतं ते कळलं नाही. मी त्या रात्री नोंदवहीत ‘मागे पडलो’ असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी काही झालं नाही, त्याच्या पुढच्याही दिवशी नाही. गुरुवारची गैरहजेरी जानेवारीत एक, फेब्रुवारीत शून्य. कप्तान आणि मुलगा मित्र झालेले नाहीत. एकमेकांशी बोलत नाहीत. मी ते व्हावं म्हणून काही केलंही नाही.

एप्रिलमध्ये नववीच्या तुकड्या पाडताना मुख्याध्यापिका म्हणाल्या, दोघांना वेगळं करू, मुलाला ‘क’मध्ये टाका. मी म्हटलं, आधी त्याला विचारते. तो शिक्षकखोलीत आला, दारातच उभा राहिला. चार-पाच शिक्षक बसलेले होते.

“तुकडी बदलून हवी आहे का तुला?”

“न्हाय बाई. म्या ‘ब’मधीच ऱ्हातो. बदलायचं तर त्याला बदला.”